राजकन्या असू द्या, राजवाडा नको

एका आईचं पत्र माझ्यासमोर आहे. हातानं लिहिलेलं, पाठपोट चार पानं, मधेमधे खाडाखोड. मुलांच्या खोल्यांविषयी मी एका महिला मंडळात बोलले होते आणि परीकथेतल्या राजकन्येची ‘थीम’ घेऊन मुलीची खोली सजवू नका, असं तिथे सांगितलं होतं. या बाई मागच्या रांगेत होत्या. तिथे काही बोलल्या नाहीत, घरी जाऊन लिहिलं. पत्रात राग आहे आणि रागाच्या खाली दुखावलेपण. दोन ओळींचं उत्तर पाठवून मला मोकळं होता आलं असतं. पण हेच प्रश्न कामाच्या निमित्तानं मला घरोघरी विचारले जातात आणि दर वेळी मी अर्धवट काहीतरी बोलून पुढच्या कामाला लागते. या वेळी पूर्ण उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

त्या वाढल्या गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत, नऊ माणसांत. स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, खाटेखालची पत्र्याची ट्रंक. तीही धाकट्या बहिणीबरोबर वाटून घेतलेली. आता नवरा-बायको दोघांच्या पगारावर कर्ज काढून फ्लॅट घेतला आहे आणि त्यात मुलीला वेगळी खोली आहे. मुलगी पाच वर्षांची. तिनं कुठल्याशा व्हिडिओत किल्ल्याच्या आकाराचा पलंग पाहिला, वर झिरझिरीत पडदा, भिंतीवर बुरूज, आणि तेव्हापासून तिनं त्याचाच ध्यास घेतला आहे. पैसे बाजूला काढून ठेवलेले आहेत. ‘माझ्या मुलीला तरी मिळू दे,’ असं त्यांनी लिहिलंय आणि ‘तरी’खाली दोन रेघा मारल्यात. त्या ‘तरी’ला उत्तर देणं सगळ्यांत अवघड आहे. तिथे मी येणार आहे, पण सावकाश.

आधी माझं सांगते, कारण मी हे लांब उभी राहून बोलत नाही. बावीस वर्षं मी पुण्यात घरांचं इंटिरियर करते आणि अशा खोल्या मी स्वतः केल्या आहेत. त्यातली एक विसरता येत नाही. दहा बाय अकराची खोली. पलंगाच्या डोक्याशी अठरा एमएमच्या एमडीएफमधून कापलेला किल्ला, त्याला पाच बुरूज, बुरुजांवर दातेरी चर्या, सगळ्यावर गुलाबी ड्यूको. छताला पीओपीचे ढग, ढगांच्या कडेनं लपवलेली एलईडीची पट्टी. समोरच्या भिंतीवर राजकन्यांचा वॉलपेपर, कपाटाच्या मुठी मुकुटाच्या आकाराच्या. काम तीन आठवडे चाललं. चर्या कापताना दोन दातांमधले चौकोनी तुकडे खाली पडायचे. मुलगी शाळेतून आली की मिस्त्रींकडे ते मागायची आणि मिस्त्री पॉलिश पेपरनं कडा घासून, फडक्यानं पुसून तिला द्यायचे. पॅसेजमध्ये तिनं त्या तुकड्यांचं काहीतरी उभारायला घेतलं होतं. पहिल्या दिवशी तो राजवाडा होता. मग त्याला दवाखाना जोडला गेला, कारण राणीला ताप आला होता. मग घोड्यांची पागा. मग एक कोपरा, जिथे राक्षस राहायचा पण तो आता चांगला झाला होता. आम्ही सगळे ते ओलांडून ये-जा करायचो.

शेवटच्या दिवशी सफाईची माणसं आली आणि भुश्याबरोबर ते सगळं गोणीत गेलं. पॅसेज मोकळा करा, असं मीच सांगितलं होतं. संध्याकाळी खोलीचं दार उघडून दिवे लावले. आई-वडील फोटो काढत होते. मुलीनं बुरुजाला हात लावला तेव्हा आई म्हणाली, ‘थांब बाळा, रंग ओला आहे अजून.’ मुलगी खोलीत एक फेरी मारून बाहेर आली आणि तिनं मला विचारलं, ‘माझं ते कुठंय?’

मला वाटलं, ती एखाद्या बाहुलीबद्दल विचारतेय.

सहा वर्षांनी त्याच घरून फोन आला, सगळं काढून टाकायचंय म्हणून. किल्ला भिंतीत फास्टनर ठोकून बसवलेला होता, निघताना प्लॅस्टर घेऊन निघाला. पावसाळ्याच्या ओलीनं खालचं एमडीएफ फुगलं होतं, त्याचे पापुद्रे सुटले होते. मुलगी अकरा वर्षांची झाली होती आणि मैत्रिणी आल्या की त्यांना हॉलमध्येच बसवत होती. तिचं ‘माझं ते कुठंय’ मला त्या दिवशी कळलं. ती जे खेळत होती ते आम्ही फेकलं होतं आणि त्याचं चित्र तिच्या भिंतीवर कायमचं ठोकून दिलं होतं.

आता पत्रातला पहिला प्रश्न. ‘तिनंच मागितलंय, मी तिच्यावर लादत नाहीये. मुलांचं ऐका असं तुम्हीच सांगता ना?’

सांगते. पण ऐकायचं म्हणजे शब्द पकडायचे नाहीत. पाच वर्षांचं मूल ‘मी वाघ आहे’ म्हणतं तेव्हा आपण पिंजरा आणत नाही. आपण घाबरतो. म्हणजे आपण त्याच्या खेळात जातो आणि पुढची चाल त्याची त्याला करू देतो. ‘मला राजवाडा हवा’ हे त्याच जातीचं वाक्य आहे. त्यातून खेळ सुरू होतो. पुढे काय होणार हे तिला स्वतःलाही अजून माहीत नसतं. पागा येईल, दवाखाना येईल, राक्षस चांगला होईल. आपण मोठी माणसं ते वाक्य ऐकतो आणि लगेच कोटेशन मागवतो. तिच्या मागणीची आपण ऑर्डर करून टाकतो. मग ती गोष्ट तिच्या हातातून सुटते आणि ठेकेदाराच्या हातात जाते.

आणि तिनं मागितलं म्हणता, तर ते कुठून आलं तेही पाहू. स्नो व्हाइटचा चित्रपट १९३७चा, सिंड्रेला १९५०चा, स्लीपिंग ब्यूटी १९५९चा. या सगळ्या राजकन्या आपापल्या गोष्टींत वेगवेगळ्या राहत होत्या. त्यांना एका ओळीत उभं करून एकाच नावाखाली विकायची कल्पना २०००च्या सुमाराची आहे. डिस्नेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विभागाचे त्या वेळचे प्रमुख अँडी मूनी अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात बर्फावरच्या नृत्याचा कार्यक्रम पाहायला गेले होते. आजूबाजूला लहान मुली राजकन्येच्या वेशात उभ्या होत्या आणि त्यांच्या अंगावरचं काहीही कंपनीचं नव्हतं. घरी जमवलेलं होतं. झगा कुठला, मुकुट कुठला. मूनींना तिथे बाजार दिसला. पेगी ओरेन्स्टाइन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात २००६ साली हे सगळं सविस्तर लिहिलं. या मालाची विक्री २००१ मधल्या ३० कोटी डॉलरवरून पाच वर्षांत ३०० कोटी डॉलरवर गेली होती.

यात मला सगळ्यांत बोचतं ते हे की, फीनिक्सच्या त्या मुलींना काहीच कमी नव्हतं. त्या आधीच राजकन्या झालेल्या होत्या, मिळेल ते अंगावर चढवून. जे त्यांनी स्वतः जमवलं होतं, तेच त्यांना तयार करून विकायचं, इतकाच तो शोध होता.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे आणि ती वाचल्यापासून मी तो वॉलपेपर पुन्हा कुठल्या घरात लावू शकलेले नाही. या राजकन्या एकत्र छापल्या जातात तेव्हा त्यांनी एकमेकींकडे बघायचं नाही, असा नियम ठरवलेला होता. प्रत्येकीची गोष्ट अबाधित राहावी म्हणून. मी माझ्या जुन्या कामांचे फोटो काढून पाहिले. खरंच, सहा जणी एका भिंतीवर उभ्या आहेत, सगळ्या हसताहेत आणि एकीचीही नजर दुसरीकडे नाही. आपल्या मुलीला आपण त्यांच्याकडे तोंड करून झोपवतो. भोंडल्याच्या फेरात, भातुकलीत, चाळीच्या गॅलरीत मुली जे करतात त्याच्या हे अगदी उलट आहे. तिथे सगळा खेळच एकमेकींकडे बघण्याचा असतो.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. त्या बाईंना माझं बोलणं लागलं याचं एक कारण हे की, त्यांनी ते या लोकांच्या बोलण्यासारखं ऐकलं. ‘राजकन्या म्हटलं की मुलगी दुबळी होते, राजपुत्राची वाट बघत बसते, म्हणून घरात राजकन्या नको, गुलाबी नको’, असं म्हणणारी शहाणी माणसं मला रोज भेटतात. त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठाच्या सेरा कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली शाळापूर्व वयाच्या १९८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. राजकन्यांमध्ये रमलेली मुलं वर्षभरानंतर ‘मुलींची’ समजली जाणारी वागणूक जास्त दाखवतात, असं त्यात दिसलं आणि त्याचा बराच गवगवा झाला. पुढे २०२१ मध्ये त्यांनीच लहानपणच्या या आवडीचा वयात येऊ लागलेल्या मुलांपर्यंतचा माग प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र बदललेलं होतं. लहानपणी राजकन्यांमध्ये रमलेल्या मुलांची स्त्री-पुरुषांबद्दलची मतं जास्त समतेची निघाली. या दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा फारशी झाली नाही. राजकन्येवर बंदी घालू पाहणाऱ्यांनी तो वाचावा.

आणि राजकन्या दुबळी कधी होती? सिंड्रेलाच्या जातीची गोष्ट नवव्या शतकात चीनमध्ये तुआन छंग-शृनं लिहून ठेवली. तिथे मुलीला वर देतात माशाची हाडं आणि बूट असतो सोन्याचा. इटलीतल्या बाझीलेच्या १६३४च्या संग्रहात हीच मुलगी पेटीचं झाकण मानेवर पाडून पहिल्या सावत्र आईला मारून टाकते. भोपळ्याची बग्गी आणि काचेचा बूट फ्रान्सच्या पेरोनं १६९७ मध्ये आणला. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकात परीच नाही. आईच्या थडग्यावर लावलेलं झाड आहे आणि पाखरं आहेत. गोष्ट ज्या हाती गेली त्या हातानं बदलली. आपल्याकडे श्रावणी सोमवारी शिवामुठीची कहाणी सांगतात, त्यातली नावडती सून कोण आहे? राजाच्या घरातली, पण वाट्याला उष्टं अन्न, जाडंभरडं वस्त्र आणि राहायला गुरांची जागा. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात आणि तिचे दिवस पालटतात. माझी आजी ही कहाणी सांगायची तेव्हा आमच्या हातात तांदळाचे दाणे असायचे आणि समोर एकही चित्र नसायचं. त्या नावडतीचं लुगडं मी हिरवं पाहिलं होतं. माझ्या चुलतबहिणीनं ते फाटकं, विटकं पाहिलं होतं. त्यावरून आमचं भांडण झालं आणि आजीनं ते सोडवलं नाही.

हजार वर्षं बदलत आलेली ही मुलगी वॉलपेपरवर येऊन थांबते. तिचा झगा निळाच, केस पिवळेच, हसू तेवढंच. पाच वर्षांच्या मुलीनं तिचं काय करायचं? तिला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर ती भिंतीवरून हलत नाही. माझी तक्रार राजकन्येशी नाहीच, तिला खिळा मारण्याशी आहे. मुलाच्या खोलीत भिंतीला रॉकेट आणि पलंगाला गाडीची चाकं करतात तेही तेच. त्यात रंग फक्त निळा असतो.

सायमन निकल्सन या इंग्लिश कलावंतानं १९७१ मध्ये ‘लँडस्केप आर्किटेक्चर’ या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. मुलांना फसवायचं कसं नाही, अशा अर्थाचा त्याचा मथळा आहे. त्याचं म्हणणं आमच्या धंद्याला झोंबणारं आहे : घडवण्यातली सगळी मजा वास्तुकार, रचनाकार, ठेकेदार स्वतःच घेऊन टाकतात आणि मुलांच्या हाती तयार वस्तू ठेवतात. मुलांना सुटे भाग हवेत, जे हलतात, जोडता येतात, मोडता येतात. ते वाचताना मला मिस्त्रींच्या पायाशी पडलेले चौकोनी तुकडे आठवले. बुरूज कापायला आम्हाला मजा आली होती, हे मी नाकारत नाही. मजा आमची झाली आणि बिल तिच्या नावानं फाटलं.

हे कळायला लेखच हवा असंही नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालघर उघडलं आणि बालघरांसाठी टेबलं-खुर्च्या एवढ्या हलक्या करून घेतल्या की मुलांना त्या स्वतः उचलून हव्या तिथे नेता याव्यात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं आणि अनुताई वाघांना घेऊन पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा आदिवासी मुलांसमोर शहरातली महाग साधनं मांडली नाहीत. आसपासच्या बिया, शिंपले, पानं, माती हीच साधनं केली. पैसा नव्हता हे खरंच. पण साधन मुलाच्या हातानं वेगळं काहीतरी होऊ शकतं का, हा प्रश्न त्यांनी विचारलेला होता, आणि तो प्रश्न आमच्या कॅटलॉगमध्ये कुठेच नसतो. कॅटलॉगमध्ये फोटो असतो. त्या फोटोत मूल नसतं, किंवा असलं तर हात मांडीवर ठेवून बसलेलं असतं.

पत्रात दुसरा एक मुद्दा आहे, तो घाईत आवरते. ‘बालपण चार वर्षांचं, नंतर कुठे राजकन्या?’ अहो, म्हणूनच तर. चार वर्षांच्या गोष्टीसाठी पंधरा वर्षं टिकणारं फर्निचर कशाला? त्यात पलंगावरच्या त्या झिरझिरीत पडद्याच्या आत पंख्याचा वारा पोचत नाही, धूळ बसते, आणि आपल्या उन्हाळ्यात मूल आठ दिवसांत आई-बाबांच्या खोलीत झोपायला येतं. हे मी अनेक घरांत पाहिलंय. नकली बुरूज पुस्तकांची जागा खातात. एवढं पुरे.

आता ‘तरी’.

ताई, तुमच्या चाळीतले दिवस गोड होते असं मी म्हणणार नाही. ज्यांना कधी कपडे बदलायला आडोसा शोधावा लागला नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री जिन्यातल्या दिव्याखाली बसावं लागलं नाही, तीच माणसं चाळीतल्या बालपणाचं गुणगान करतात. तुमच्या मुलीला खोली मिळायलाच हवी. दार हवं, आतून लोटून घेता येईल असं. खिडकी, चांगला दिवा, तिच्या उंचीचं टेबल, तिचा हात पोचेल असं कपाट हवं. हे तुम्हाला मिळालं नाही, हा अन्यायच होता. तो भरून काढायचा तुमचा हट्ट मला कळतो, आणि त्या हट्टासमोर मला बोलायला जड जातं. तुमच्या पैशांवर माझा काही अधिकार नाही. पण तुम्ही पत्र मला लिहिलंत, म्हणून विचारते. तुमचं पत्र तुम्ही पुन्हा वाचलंत का?

तिसऱ्या पानावर, खाडाखोडीच्या मधे, तुम्ही लिहिलंय की दुपारी मोठी माणसं झोपली की तुम्ही दोघी बहिणी आईचं पातळ खाटेच्या कडेनं सोडायचात, ट्रंक ओढून पुढे घ्यायचात आणि आत जाऊन बसायचात. आत काय चालायचं ते तुम्ही लिहिलेलं नाही. लिहिता लिहिता तुम्ही थांबलात, ओळ खोडलीत आणि एकदम ‘म्हणून मला माझ्या मुलीला सगळं द्यायचंय’ इथे आलात. ती खोडलेली ओळ मी उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न केला. ‘ट्रंकेचं झाकण उघडलं की...’ एवढंच लागलं. झाकण उघडलं की काय व्हायचं, ताई? समुद्र असायचा का खाली? भुयार? तुमच्याकडे जागा नव्हती, कपडे नव्हते, एकांत नव्हता. हे मात्र होतं. आणि जो किल्ला तुम्ही आणायला निघाला आहात, त्याला आत जायला जागाच नाही. तो पलंगाच्या डोक्याशी भिंतीला चिकटलेला अठरा एमएमचा बोर्ड आहे.

जे नव्हतं ते तिला द्या. आणि जे होतं तेही द्या.

खोलीचं काम मी करून देईन, तुमची इच्छा असेल तर. भिंतींना साधा, धुता येणारा रंग. तिला गुलाबी हवा असेल तर गुलाबीच, छटा तिलाच निवडू द्या. एक भिंत खालून चार फुटांपर्यंत खडूनं लिहिण्याजोगी करू. बुरूज तिचे तिला काढू देत, पुसू देत, पुन्हा काढू देत. पलंग साधा, खालून मोकळा, ती आत शिरू शकेल एवढा उंच, कुठेही न ठोकलेला. समोरासमोरच्या भिंतींवर तिच्या खांद्याच्या उंचीला दोन-दोन हुक, म्हणजे पातळ बांधता येईल. हुक स्क्रूचे घ्यायचे, चिकटवायचे नकोत, त्यांना ओझं पेलत नाही. लोंबत्या दोऱ्या मात्र कुठेही ठेवायच्या नाहीत. बाजूला काढलेल्या पैशांतले बरेच उरतील.

आणि ती ट्रंक. तिचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहिणीकडे असेल तर मागून आणा. गंज मी घासून घेईन, आतून जुनी चादर लावून देईन. कडी-कोयंडा तेवढा काढून टाकावा लागेल, म्हणजे मुलगी आत जाऊन बसली तरी झाकण अडकणार नाही.